मुलांना मनाचे पाणी पाहायला शिकवा

उपासक-उपासिकांनो,

घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा भरल्या ताटावरून उठून जातो. मुलगी दोन दोन दिवस कोणाशी बोलत नाही. अशा वेळी आपण काय करतो? कोणी थप्पड मारतो, तर कोणी 'बाधा झाली' म्हणून देवस्की बघायला धावतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे दोन्ही मार्ग शोभत नाहीत. मुलाला बाधा झालेली नसते. त्याच्या मनात विकार उठलेला असतो आणि त्या विकाराचे नाव त्याला ठाऊक नसते.

संगारव नावाच्या ब्राह्मणाने भगवान बुद्धांना विचारले होते, पुष्कळ दिवस पाठ केलेले मंत्रसुद्धा कधी कधी का आठवत नाहीत? परीक्षेला बसलेल्या आपल्या मुलांचाही प्रश्न हाच नाही काय? भगवंतांनी भांड्यातल्या पाण्याचा दृष्टांत दिला. पाण्यात रंग कालवला तर आपला चेहरा त्यात दिसत नाही, ही आसक्ती. पाणी उकळत असेल तर दिसत नाही, हा द्वेष. शेवाळाने झाकले असेल तर दिसत नाही, हा आळस. वाऱ्याने हिंदकळत असेल तर दिसत नाही, ही बेचैनी. गढूळ पाणी अंधारात ठेवले असेल तर दिसत नाही, ही शंका. हीच पाच नीवरणे.

मुलाला एवढे ओळखता आले की अर्धे काम झाले. 'मी वाईट आहे' असे म्हणण्याऐवजी तो 'माझे पाणी आता उकळते आहे' असे म्हणू लागतो. आमच्या रेडीला पावसाळ्यात तांबड्या मातीचे पाणी वाहते. ते हाताने ढवळून कधी निवळते काय? राहू द्यावे लागते. म्हणून राग आलेल्या घटकेला उत्तर देऊ नये, श्वासाकडे लक्ष द्यावे. भगवंतांनी आपल्या पुत्राला, राहुलालाही, आनापानसती आणि द्वेषावर मैत्रीभावना शिकवली होती.

मग अन्यायाचा राग गिळून टाकायचा काय? मुळीच नाही! एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तो अपमान त्यांनी गिळला नाही आणि शिवीगाळीत वायाही घालवला नाही. ते वाचत राहिले आणि पुढे संस्कृतही शिकले. त्या वयात त्यांना एक वडीलधारा माणूस भेटला. आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या केळूस गावचे कृष्णराव अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी विचारपूस केली, आणि 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. 14 ऑक्टोबर 1956 ची वाट त्या भेटीपासूनही निघते.

आई-वडिलांनो, तुम्ही आपल्या मुलांचे केळुसकर व्हा. रोज वंदनेनंतर जवळ बसवून विचारा, 'बाळा, आज तुझे पाणी कसे आहे?' उत्तर पूर्ण ऐका. मध्येच उपदेश करू नका. आणि 'जगण्यात अर्थ नाही' असे मूल म्हणाले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर विनामूल्य फोन करा. ताप आला तर आपण औषध घेतोच ना? मग मनाच्या दुखण्याची लाज कसली?

पाणी मुळात निर्मळच असते. ते निवळेपर्यंत शेजारी बसणारे कोणीतरी घरात हवे.

जयभीम!