निसर्गाचा वाटा आणि आपला

दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देत फिरतो. पतीच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या विधवा पुष्कळ दिसतात. पत्नीच्या कबरीपाशी उभे असलेले विधुर मोजकेच. पत्नी बहुधा वयाने धाकटी असते हे खरे. पण एवढ्याने उलगडा होत नाही. स्त्री पुरुषापेक्षा अधिक जगते, हे जवळजवळ साऱ्या जगात आढळते.

हा निसर्गनियमच आहे काय? मुलगे मुलींपेक्षा जन्मतःच काहीसे नाजूक असतात, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. परंतु निसर्गाचा वाटा नेमका किती? याचा शोध घेणारे मठांकडे वळले. कारण तेथे स्त्री-पुरुषांचा दिनक्रम, आहार व निवास पुष्कळसा सारखा असतो. येशूसंघीय संशोधक फ्रान्सिस मॅडिगन यांनी १९५७ साली अमेरिकेतील शिक्षक धर्मबंधू व धर्मभगिनींविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथेही भगिनीच अधिक जगत होत्या. म्हणून निसर्गाचा वाटाच मोठा, असे त्यांनी मानले.

पुढे मार्क लुय या जर्मन लोकसंख्याशास्त्रज्ञाने बव्हेरियातील ११,००० हून अधिक मठवासीयांच्या नोंदी तपासून २००३ साली वेगळे चित्र मांडले. धर्मभगिनी आणि संसारी स्त्रिया यांच्या आयुर्मानात फारसे अंतर नव्हते. मठवासी पुरुष मात्र संसारी पुरुषांहून स्पष्टपणे अधिक जगत होते. निसर्गाने स्त्रीला दिलेले झुकते माप फार तर वर्षभराचे ठरले. मठाबाहेर हेच अंतर कित्येक वर्षांचे होते. धूम्रपान, मद्य, कामाचा ताण, धोक्याचे व्यवसाय अशा गोष्टी त्यामागे असतात.

येथे प्रश्न नैतिक होतो. पन्नाशीच्या आत गेलेल्या पुरुषाच्या अंत्यविधीत 'प्रभूची इच्छा' हे शब्द आम्ही अनेकदा उच्चारले आहेत. त्या शब्दांनी शोकाकुल घराला धीर मिळतो, हे खरे. पण छातीतली कळ महिनोन्महिने लपवणे, रोजची बाटली, 'पुरुषाने कुरकुर करू नये' ही शिकवण, हे सारे प्रभूच्या नावावर कसे घालावे? १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आरोग्याची काळजी आणि मद्य-तंबाखूचा अतिरेक यांचा विचार पाचव्या आज्ञेखालीच करतो. 'खून करू नकोस' ही आज्ञा स्वतःच्या देहालाही लागू आहे.

निसर्गाने राखून ठेवलेले एक वर्ष आपण नम्रतेने स्वीकारू. बाकीच्या वर्षांचा हिशेब आपल्याकडेच मागितला जाईल.