वाटेवरचं धुकं

जळगावात दोघे सख्खे भाऊ राहत होते. थोरल्याचे ट्रक होते. रावेर-सावद्याची केळी भरून ते दिल्लीच्या आझादपूर मंडीत जायचे. धाकट्याचं अजिंठा चौफुलीजवळ मोटारसायकलींचं गॅरेज होतं. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे, पण एक वेड दोघांनाही लहानपणापासून होतं. आयुष्यात एकदा आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी ही मोटारसायकलींची शर्यत डोळ्यांनी पाहायची.

हे बेट आयरिश समुद्रात आहे. मोटारी नव्या होत्या त्या काळात ब्रिटनमध्ये त्यांना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी रस्ते बंद करता येत नव्हते. बेटाला स्वतःचं कायदेमंडळ आहे. त्यानं १९०४ मध्ये रस्ते बंद करायची मुभा देणारा कायदा केला आणि १९०७ पासून मोटारसायकलींची टीटी सुरू झाली. आज तिची एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची आहे, साधारण जळगाव ते अजिंठा लेणी एवढी. रस्ता रोजच्या रहदारीचाच. घरांच्या फाटकांसमोरून आणि दगडी कुंपणांच्या कडेनं तो गावं ओलांडतो, मग स्नेफेल डोंगराच्या अंगावरून चढून उतरतो. मोटारसायकलस्वार पीटर हिकमन यांनी २०२३ मध्ये ही फेरी १७ मिनिटांच्या आत मारली. या रस्त्यानं आजवर अडीचशेहून अधिक जणांचे जीवही घेतले आहेत.

बेत आखायचं काम अर्थातच थोरल्यानं स्वतःकडे घेतलं. ब्रिटनचा व्हिसा बेटावर चालतो, हे त्यानं शोधून काढलं. विमानानं मँचेस्टर, तिथून हीशम बंदर आणि बोटीनं पावणेचार तासांत बेटावरचं डग्लस, असा मार्ग ठरला. टीटीच्या पंधरवड्यात बोटीची तिकिटं आणि खोल्या महिनोन्महिने आधी संपतात. बेटावरची माणसं घरातल्या खोल्यासुद्धा पाहुण्यांना भाड्यानं देतात. तशी एक खोली त्यानं मिळवली. मग तासातासाचा तक्ता झाला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पोचायचं, दुसऱ्या दिवशी शर्यत, तिसऱ्या दिवशी पहाटेची बोट, पुढे एडिंबरो आणि लंडन.

तक्ता पाहून धाकटा म्हणाला, "दादा, शर्यतीनंतर दोन दिवस मोकळे ठेव. डोंगरावर धुकं उतरलं की शर्यत पुढे ढकलतात."

"जूनमध्ये कसलं धुकं? मोकळा दिवस म्हणजे खोलीचं भाडं पाण्यात."

धाकट्यानं वाद घातला नाही. स्वतःचं परतीचं तिकीट तेवढं वेगळं काढलं. दोन जादा दिवसांच्या खर्चापायी त्याला एडिंबरो आणि लंडन दोन्ही सोडावी लागली.

शर्यतीचा दिवस उजाडला तो लख्ख उन्हाचा. थोरला डग्लसच्या मुख्य स्टँडमध्ये जाऊन बसला. रस्ते बंद झाले, पण गाड्या काही सुटेनात. मँक्स रेडिओवर घोषणा झाली, सुरुवात एक तास पुढे. नंतर आणखी एक तास. धाकटा म्हणाला, "चल, तोवर बेट पाहू." थोरला जागचा हलला नाही. धाकटा एकटाच समुद्रकाठच्या जुन्या विजेच्या गाडीत बसून लॅक्सी गावाला गेला. तिथं १८५४ सालचं पाणचक्र आहे, २२ मीटर व्यासाचं. खाणीत साचलेलं पाणी ते उपसायचं. त्याचे दांडे आणि सांधे पाहण्यात गॅरेजवाल्याची दुपार कशी गेली ते त्यालाही कळलं नाही.

इकडे थोरल्याचा पारा चढत होता. न राहवून तो एका म्हाताऱ्या मार्शलला म्हणाला, "एवढं चांगलं ऊन पडलंय! मग अडलंय कुठे?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "ऊन इथं आहे. वर डोंगरावर चार पावलांपुढचं दिसत नाही. कुणी पडला तर त्याला उचलायला हेलिकॉप्टर जाऊ शकणार नाही. आमच्याकडे म्हणतात, समुद्राचा देव मॅनानन आपली घोंगडी बेटावर पांघरतो. तो ती काढेपर्यंत थांबायचं."

"आणि हे एवढे लोक लांबून आलेत त्यांचं काय?"

"ते स्टँडमध्ये बसलेत. डोंगरावर त्यांना जायचं नाहीये."

संध्याकाळी त्या दिवसाची शर्यत रद्द झाली. रात्री जेवताना थोरला तणतणत होता. धाकट्यानं विचारलं, "दादा, जानेवारीत मथुरेजवळ आपली गाडी धुक्यात अडकते, तेव्हा ड्रायव्हरचं काय करतोस?"

"उशिराचे पैसे कापतो. मंडीत भाव पडला की तोटा मला होतो."

"आणि जळगावात तेव्हा ऊन असतं."

थोरला गप्प झाला.

"पैसे कापले जाऊ नयेत म्हणून ती पोरं धुक्यातही गाडी दामटतात, दादा. माझ्या गॅरेजवर चहा प्यायला येतात तेव्हा सांगतात. तुला कोण सांगणार?"

पहाटेची बोट थोरल्यानं पकडली. तक्त्यात तसंच होतं. दुपारी धुकं विरलं आणि शर्यत झाली. शर्यतीच्या वाटेवरच्या बलाफ गावच्या पुलावर गाड्या दोन्ही चाकांनी रस्ता सोडून उडताना धाकट्यानं हाताच्या अंतरावरून पाहिल्या. थोरल्याला तेच दृश्य एडिंबरोच्या आगगाडीत, मोबाइलवर पाहावं लागलं. एडिंबरोला मात्र तो अगदी वेळेवर पोचला.

त्या हिवाळ्यात थोरल्यानं दोन गोष्टी केल्या. दिल्लीच्या गाड्यांना पोचायला एक दिवस वाढवून दिला आणि बागायतदारांना सांगितलं की, एवढ्या लांबचा माल थोडा आणखी हिरवा असतानाच कापा. दुसरं म्हणजे, धुक्यातल्या उशिराचा दंड त्यानं बंद केला. वाढीव दिवसामुळे दोन व्यापारी दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे गेले, ते नुकसान त्यानं सोसलं. तिसऱ्यानं चिडून फोन केला, "रस्ता मोकळा आहे, मग गाडी कुठाय?"

थोरला म्हणाला, "तुमच्या दारातला मोकळा असेल, शेठ. माझा माणूस मथुरेला आहे."

बोध: आपल्या अंगणात ऊन आहे म्हणून दुसऱ्याची वाट मोकळी असेलच असं नाही. ज्या बेतात थांबायला जागा नसते, तो वेळेवर पार पडला तरी त्याची किंमत बहुधा दुसराच कुणीतरी मोजत असतो.