240 दिवसांचा हिशेब

कामगारांची बाजू मांडायची म्हटलं की पहिल्यांदा भाषण सुचतं. तळेगावच्या एमआयडीसीत गेटसभेला ते चालतंही. लवादापुढे किंवा कामगार न्यायालयात मात्र आवाज चढवून पदरात काही पडत नाही. तिथे विचारतात, हजेरीचा पुरावा कुठाय?

लोणावळ्यातला हंगामी वेटर घ्या. गर्दीत त्याला घेतात, गर्दी ओसरली की ‘ब्रेक’ देतात. काढून टाकल्याची भरपाई मागायची तर आधीच्या 12 महिन्यांत 240 दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं. ही अट मूळची 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली. सिद्ध करायचं कामगारानेच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हदीमनी प्रकरणात सांगितलं. म्हणजे मस्टर मालकाच्या कपाटात आणि पुराव्याचं ओझं वेटरच्या डोक्यावर. मला हे पटत नाही, पण खटला माझ्या पटण्यावर चालत नाही. त्यावर एक वाट आहे: मस्टर हजर करा असा लेखी अर्ज द्यायचा. मागूनही मालकाने दिलं नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. न मागता नुसतं ‘लपवलं’ म्हणत राहिलं, तर हाती काही लागत नाही.

मग मोजायला बसायचं. समजा, हजेरी 206 भरते. पगारी साप्ताहिक सुट्याही धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या निकालाने ठरलेलं आहे. तशा 34 सुट्या सापडल्या की 240 भरतात. (लोणावळ्यात ही सुटी रविवारी मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको.)

हिशेबाचं हे महत्त्व नवं नाही. 1918 च्या अहमदाबादच्या गिरणी लढ्यातलं गांधीजींचं उपोषण सगळ्यांना आठवतं, आकडेमोड कुणाला नाही. कामगार 50 टक्के वाढ मागत होते, मालक 20 वर अडले होते. गांधीजींनी पगारांचा अभ्यास करून मागणी 35 वर आणली. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी 35 टक्केच दिले.

लवादाला पटवणं त्या मानाने सोपं. आपल्याच माणसाला पटवणं अवघड. मॅनेजरने चारचौघांत शिवी दिली, हे वेटरला सगळ्यात जास्त लागलेलं असतं, आणि निवेदनात तेच वर हवं असतं. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, ते राहू दे; आधी पीएफचा उतारा आण, आणि ड्युटीचे मेसेज मोबाइलमधून पुसू नकोस.