अँजेलला ठाऊक होतं

इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा आर्ची बेलानी 1906 साली कॅनडात उतरला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. टेमागामी सरोवराकाठच्या ओजिब्वे आदिवासींनी त्याला सापळे लावायला, होडी वल्हवायला, बर्फातून वाट काढायला शिकवलं. आपली भाषाही दिली. 1910 मध्ये त्यांच्यातल्याच अँजेल एग्वुनाशी त्याचं लग्न झालं. मुलगी झाली आणि थोड्याच काळात तो मायलेकींना टाकून निघून गेला.

पुढे तो सांगू लागला की आपली आई अपाची आदिवासी होती. केस काळे रंगवून त्याने वेण्या घातल्या आणि 'ग्रे आउल' हे नाव घेतलं.

नंतरची जोडीदार अनाहारेओ मात्र खरोखरच मोहॉक होती. त्याच्या सापळ्यामुळे पोरकी झालेली बीव्हरची दोन पिल्लं तिने हट्टाने वाचवायला लावली. ती पिल्लं घरात वाढली आणि त्याच्याच्याने पुन्हा बीव्हर मारवेना. कातड्यांच्या व्यापाराने हा प्राणी तेव्हा संपत चालला होता. त्याला वाचवण्याची त्याची तळमळ अस्सल होती, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याची पुस्तकं खपली, भाषणांना ब्रिटनमधली सभागृहं भरली. डिसेंबर 1937 मध्ये तो बकिंगहॅम राजवाड्यात राजा सहाव्या जॉर्जसमोर बोलला.

अनाहारेओचाही त्या अपाची आईवर विश्वास होता. अँजेलला मात्र तो कोण हे ठाऊक होतं. 1935 मध्ये 'नॉर्थ बे नगेट' या वृत्तपत्राच्या बातमीदाराने तिला विचारलं, तिने सांगितलं. संपादकांनी बातमी दाबून ठेवली. माणूस चांगलं काम करतोय, कशाला मोडता घाला! 13 एप्रिल 1938 रोजी तो वारला आणि मग बातमी छापली गेली. त्याच्या पुस्तकांची छपाई थांबली, वन्यजीवांसाठी येणाऱ्या देणग्या आटल्या. बीव्हरांनी काय खोटं सांगितलं होतं?

पण मला त्याहून जास्त सलतात ती टेमागामीची माणसं. स्वतःच्या जमिनीसाठी ती एकोणिसाव्या शतकापासून सरकारकडे अर्ज करत होती. 1927 च्या कायद्याने तर सरकारच्या परवानगीशिवाय आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणंही गुन्हा ठरवलं होतं. ते बंधन 1951 मध्ये उठलं. म्हणजे ग्रे आउल वेण्या घालून राजासमोर उभा होता, तेव्हा ज्यांनी त्याला जंगल शिकवलं त्यांना स्वतःच्या वकिलासाठी चार पैसे जमवायचीही मोकळीक नव्हती. अरण्यवासींचा आवाज ऐकला, या समाधानात श्रोते घरी गेले. अँजेलच्या माणसांना कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही. सरोवरातलं बेअर आयलंड हे बेट त्यांच्यासाठी अधिकृतपणे राखीव झालं ते थेट 1971 साली.