दोन फेऱ्या, एक गुण

१९७६च्या फॉर्म्युला वन हंगामाचा निकाल एका गुणाने लागला. जेम्स हंट ६९, निकी लाउडा ६८. फुजीच्या अखेरच्या शर्यतीत धो धो पावसात लाउडाने दोनच फेऱ्या मारल्या, गाडी पिटमध्ये आणली आणि तो खाली उतरला. इंजिन बिघडलं असं सांगू या, असं त्याच्या फेरारी संघाचे मुख्य अभियंते मौरो फोर्गिएरी यांनी सुचवलं. लाउडाने नकार दिला. या पावसात गाडी हाकणं त्याला वेडेपणा वाटत होता आणि कारण तेवढंच होतं.

त्याला भित्रा म्हणणाऱ्यांची स्मृती फार तोकडी असली पाहिजे. १ ऑगस्टला न्यूर्बर्गरिंगवर त्याची गाडी पेटली होती. सोबतच्या चालकांनी त्याला ज्वाळांतून ओढून काढलं. रुग्णालयात मरणासन्नासाठीचे धर्मविधीही झाले. त्यानंतर सहा आठवड्यांत, जखमा ओल्या असताना, तो मोंझाला चौथा आला आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. आणखी सहा आठवड्यांनी तोच माणूस फुजीला थांबला. मोंझाला आपण भीतीने गारठलो होतो, हे त्याने पुढे कबूल केलं. म्हणजे भीती दोन्हीकडे होती. मोंझाला तिला आवरून चालण्यासारखं होतं. फुजीला पुढचं दिसतच नव्हतं आणि भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या.

‘शिर सलामत तर पगडी पचास’ म्हणून हा विषय मिटवता येत नाही. पुढे पाऊस ओसरला. हंट तिसरा आला, आणि लाउडा नुसता पाचवा आला असता तरी विजेतेपद त्याचंच होतं. निकालावरून पाहिलं तर तो चुकला. पण निर्णय घेताना हातात असतं तेवढ्यावरूनच तो जोखायला हवा. १९७७ साली लाउडा पुन्हा जगज्जेता झाला, यानेही फुजीचा निर्णय बरोबर ठरत नाही. तो त्यानंतर एकही शर्यत जिंकला नसता, तरी बरोबरच होता. हंटचं श्रेयही यामुळे उणावत नाही. हंटने स्वतःचा धोका स्वतः पत्करला होता.

त्या दिवशी एमर्सन फिट्टिपाल्डी आणि कार्लोस पासे यांनीही गाड्या थांबवल्या. त्यांची आठवण कुणी काढत नाही, कारण त्यांच्यापुढे विजेतेपद नव्हतं. लाउडाच्या नकाराला मोल आलं ते त्याने गमावलेल्या गोष्टीमुळे. शिवाय तो गतविजेता होता, म्हणून ‘नाही’ म्हणू शकला. पैसे भरून गाडीत जागा मिळवलेल्या नवख्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावं? सुरक्षितता चालकाच्या हिमतीवर सोडली, की नकाराचा हक्क फक्त मोठ्यांपुरता उरतो.

सुरक्षितता चालकांवर सोडली की काय होतं, याचा पुरावा त्याच हंगामात आहे. सुमारे २३ किलोमीटरच्या न्यूर्बर्गरिंगवर अपघात झाला तर मदत वेळेत पोहोचणार नाही, म्हणून तिथे बहिष्कार टाकावा, असा प्रस्ताव लाउडाने चालकांच्या बैठकीत मांडला होता. मतदान झालं, तो हरला. बहुमत मानून तो शर्यतीत उतरला आणि दुसऱ्याच फेरीत जळाला. किती जीव धोक्यात घालायचा हे हात वर करून ठरवायची गोष्ट नव्हे, हे तेव्हा कळायला हवं होतं. त्या जुन्या मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा कधीच झाली नाही.