दोन नाणी

तेरेखोलच्या किल्ल्यात संत अँथनीचं चर्च आहे. गरिबांना भाकरी वाटण्याची ख्रिस्ती प्रथा याच संताच्या नावानं चालते. पण दिलेल्याचं मोल ठरवायचं कशावरून? बायबलात एक गरीब विधवा आहे. मंदिराच्या पेटीत श्रीमंतांनी भरभरून टाकलं, तिनं दोनच नाणी. येशू म्हणाला, तिचंच दान मोठं. कारण तिनं मागं काही ठेवलं नाही.

आपल्याकडे बोली लागते, मोठा आकडा संगमरवरावर कोरला जातो. मग घरखर्चातून वाचवलेले पन्नास रुपये गुपचूप पेटीत टाकणारीचं काय? परिग्रह सोडा, असं आपला धर्मही सांगतोच ना? मग किती दिलं यापेक्षा मनातून किती सुटलं, ते बघायला हवं. पाटीवर तिचं नाव नसेना का. बायांनो, आपण तरी तिला लहान समजू नये.