उतरत्या पायऱ्या

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर नावाचे एक जुने गाव आहे. गावाचे नाव लोक वाल्मिकी ऋषींशी जोडतात. पुणे जिल्ह्यातील वाल्हेकरही आपल्या गावाविषयी असेच सांगतात. खरेखोटे ठरविण्याच्या भरीस पडण्याचे कारण नाही. एका कवीला आपला म्हणण्यासाठी दोन गावांनी पुढे यावे, यापरते कवीचे भाग्य ते कोणते?

याच वालुरात एक सुरेख बारव आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरत जातात. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसला आणि ही बारव पुन्हा मोकळी झाली. तिच्या काठावर बसलो असताना, कविता लिहू लागलेल्या एका तरुणाने मला विचारले, “सर, लेखक यशस्वी झाला हे ओळखायचं कशावरून?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ते त्याला पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे अशा प्रश्नाला एक सोवळे उत्तर ठरलेले असते : खरा लेखक यशाची पर्वा करीत नाही, तो स्वान्तःसुखाय लिहितो. हे उत्तर देणारा बहुधा आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत असतो! आपले जुने शास्त्रकार याहून अधिक प्रामाणिक होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली, त्यांत पहिले यश आणि दुसरे अर्थ. व्यवहारज्ञान, अशुभाचा नाश, आनंद, प्रिय व्यक्तीने करावा तसा हळुवार उपदेश, ही सारी त्यांच्या मागून. कीर्ती आणि पैसा हवासा वाटण्यात पाप नाही. मात्र या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातच्या आहेत. ज्या गोष्टीची किल्ली आपल्या खिशात नाही, तिच्यावर आयुष्याचा जमाखर्च मांडावा काय?

मग लेखक काळाकडे धाव घेतो. भवभूतीसारख्या नाटककारालाही ‘मालतीमाधवा’त म्हणावे लागले की, माझ्यासारखा कोणी समानधर्मा कधीतरी निपजेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वीही विशाल आहे. या उद्गारात तेज आहे आणि दुखावलेपणही आहे. एकट्या पडलेल्या लेखकाने तो मनाशी म्हणावा, यात काही वावगे नाही. पण हेच वाक्य जेव्हा समाज लेखकाला ऐकवू लागतो, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. “आज नाही तर उद्या तुला ओळखतील” असे म्हणून आजची जबाबदारी झटकता येते.

असे मला वाटते ते बी. रघुनाथ यांच्यामुळे. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. १९१३ साली सातोन्याला जन्मलेले. निजामाच्या बांधकाम खात्यात त्यांनी कारकुनी पत्करली आणि परभणीतच आयुष्य काढले. राज्याचा कारभार उर्दूत, पुणे-मुंबईची मराठी मासिके दूर, आणि दिवस कचेरीच्या कागदांत जाणारा. अशा परिस्थितीत ‘आलाप आणि विलाप’सारखा कवितासंग्रह, ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘आडगावचे चौधरी’ अशा कादंबऱ्या आणि कितीतरी कथा त्यांनी लिहिल्या. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘जगाला कळले पाहिजे’ असे आहे. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय अवघे चाळीस. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह त्यांच्या मागे निघाला. आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि त्यांच्या नावाने पुरस्कारही दिला जातो.

तर मग बी. रघुनाथ यशस्वी झाले, असे आपण म्हणतो आणि समाधानाने घरी जातो. माझे मन तेथे अडते. हे सभागृह कोणाचे यश? त्यांच्या खात्यावर त्यातले काय जमा झाले? केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या कवितांचे पुस्तक हरि नारायण आपट्यांनी काढले ते त्यानंतर. मरणोत्तर गौरव म्हणजे धनको गेल्यावर फेडलेले कर्ज आहे. ते फेडलेच पाहिजे. न फेडणे हा तर कृतघ्नपणा. पण फेडणाऱ्याने त्याला दान म्हणू नये आणि गेलेल्याचे सुखही म्हणू नये.

म्हणजे ते जिवंतपणी अयशस्वी होते काय? हेही मी मान्य करणार नाही. आपण यशाच्या पायऱ्या ‘चढतो’ असे म्हणतो. भाषेनेच आपल्याला फसविले आहे. चढणारा माणूस दुरून दिसतो, म्हणून आपण त्यालाच यशस्वी समजतो. बारवेच्या पायऱ्या मात्र उतरण्यासाठी असतात. उतरणारा वळणावळणाने दिसेनासा होतो. वरच्या लोकांना वाटते, हा नाहीसा झाला. तो पाण्याजवळ पोचलेला असतो.

लेखनाचे काम या जातीचे आहे. आपल्याला जे खरोखर दिसले, बोचले, कळले, तिथपर्यंत उतरायचे. चार पायऱ्यांवर थांबून “पाणी फार छान आहे” असे सांगणारे लेखन पुष्कळ असते. त्याला टाळ्याही मिळतात. लेखकाने रात्री स्वतःला विचारण्याचा प्रश्न एवढाच की, मी पाण्याला हात लावला की अर्ध्यातून परतलो? या प्रश्नाचे उत्तर देण्यास प्रकाशक लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग प्रत्येक सामान्य लेखक आपण तळ गाठल्याचे सांगत हिंडेल! शंका रास्त आहे. म्हणून दुसरी कसोटी हवी. एकट्याने दोर बांधून तळाला जाणे वेगळे आणि पायऱ्या बांधणे वेगळे. आपण गेलो त्या वाटेने दुसऱ्या कोणाला, आपल्यामागे, आपली ओळखदेख नसताना, पाण्यापर्यंत जाता आले पाहिजे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली आले. त्या गात होत्या तेव्हाही ती वाट पुरी बांधलेली होती; पुस्तकामुळे ती आपल्याला सापडली, इतकेच. कीर्ती म्हणजे बारव पाहायला किती माणसे आली याची मोजदाद. तिच्यावरून पाण्याची खोली कळत नाही.

वालूरची बारव ज्या पाथरवटांनी घडविली, त्यांची नावे काठावर जमणाऱ्या कोणाच्या तोंडी नाहीत. पण पायरीवर पाऊल ठेवताच कळते की, येथे उतरणाऱ्या माणसाचा कोणी विचार केला होता. आणि ज्यांनी गाळ उपसला त्यांचाही वाटा लहान नाही. पायऱ्या बांधणे लेखकाचे काम. त्या बुजू न देणे वाचकाचे. हे दुसरे काम लेखक हयात असताना केले, तर पुढे सभागृहे बांधताना आपली मान खाली जाणार नाही.

त्या तरुणाला मी आता सांगेन : बाबा, तू यशस्वी झालास की नाही हे मला विचारू नकोस. किती खाली उतरलास ते तुझे तुला ठाऊक आहे. मात्र तुझी वही मला दे. ती वाचणे हे माझे काम आहे, आणि ते आजच करायचे आहे.